मोटारीची शक्ति : एकदम कीं टप्प्याटप्प्यानें?

ज्याच्या दाराशीं मोटार उभी आहे, त्याच्या मनांत आज ना उद्यां एक विचार डोकावल्यावांचून राहत नाहीं. ही गाडी याहून थोडी जोमानें धांवली तर? घाटाच्या चढणीवर पुढची लॉरी मागें टाकतांना इंजिनानें जरा अधिक बळ दाखविलें तर? विचार निर्दोष आहे, आणि त्याला खतपाणी घालणारे बाजारांत पुष्कळ आहेत. हवा अधिक घेणारी गाळणी, धूर मोकळेपणीं बाहेर सोडणारी नळी, झडपा अधिक काळ उघड्या ठेवणारा कॅमशाफ्ट, मोठा टर्बोचार्जर, आंखूड स्प्रिंगा, रुंद टायर; यादी लांबतच जाते. यांतील कोणत्या वस्तु घ्याव्या यावर मोटारशौकिनांत रात्र रात्र वाद होतात. परंतु त्याहून महत्त्वाचा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं, आणि तो क्रमाचा आहे. हीं सारीं कामें एकाच वेळीं उरकून घ्यावीं, कीं एकेक करीत वर्ष-दोन वर्षें घालवावीं?

एकदम करण्याचा मोह मोठा असतो, आणि तो अगदींच अविचाराचा असतो असेंहि नाहीं. गाडी एकदां उघडली म्हणजे मजुरी एकदांच पडते. गॅरेजवाला सगळ्या कामाचा ठोक भाव ठरवून कांहीं सूट देतो. गाडीवांचून घरच्यांची होणारी गैरसोय एकदांच होते. हे सगळे फायदे खरे आहेत. मात्र त्यांचा हिशेब गाडी घरीं परत आल्यावर मांडावा.

समजा, पुण्यांतील एका गृहस्थांनीं दहा वर्षें वापरलेली गाडी महिनाभर गॅरेजांत ठेवली, आणि नवी गाळणी, नवी धूरनळी, नवा कॅमशाफ्ट, ठिणगीच्या वेळेची नवी जुळणी, आंखूड स्प्रिंगा आणि रुंद टायर अशीं सहा कामें एकदम करून घेतलीं. गाडी घरीं आली. मोकळ्या रस्त्यावर ती पूर्वीपेक्षां जलद पळते यांत शंका नाहीं. परंतु सिग्नलपाशीं थांबली कीं इंजिन थरथरतें, पेट्रोल पूर्वीच्या दीडपट लागतें, वळणावर पुढचें चाक मडगार्डाला घासतें, आणि खंबाटकीच्या चढावर उष्णता दाखविणारा कांटा तांबड्या रेघेकडे सरकूं लागतो. दोष कोणाचा? थरथर कॅमशाफ्टची असेल, किंवा धूरनळीच्या सांध्यांतून हवा आंत शिरत असेल. तापणें ठिणगीच्या चुकलेल्या वेळेमुळें असेल, पेट्रोलाचें प्रमाण कमी पडल्यामुळें असेल, किंवा मुळांतच गाळानें भरलेला रेडिएटर आतां वाढलेल्या उष्णतेपुढें हात टेकीत असेल. सहा संशयित, आणि सगळे एकाच रात्रीं घरांत शिरलेले! मिस्त्री बिचारा एकेक वस्तु काढून जुनी बसवून पाहतो. म्हणजे जें काम क्रमाक्रमानें करण्याचें टाळलें, तेंच आतां उलट्या क्रमानें आणि दुप्पट मजुरीनें करावें लागतें.

यावरून कोणी असा निश्चय करील कीं, एका वेळीं एकच वस्तु बदलावयाची, दुसरीला हात लावावयाचा नाहीं. हा निश्चय दिसावयाला शहाणपणाचा, परंतु पाळावयाला कधीं कधीं घातक असतो. कॅमशाफ्टचेंच उदाहरण घ्या. अधिक फेऱ्यांवर चालण्यासाठीं घडविलेला कॅमशाफ्ट बसवला, पण झडपा मिटविणाऱ्या स्प्रिंगा जुन्याच ठेवल्या, तर अतिवेगांत त्या स्प्रिंगांना झडप वेळेवर मिटवितां येत नाहीं. झडप अधांतरीं राहते, आणि पुष्कळ इंजिनांत खालून वर येणारा दट्ट्या तिच्यावर आदळूं शकतो. एका क्षणांत इंजिनाचा चुराडा होतो, आणि तो "एका वेळीं एकच" या व्रताचें पालन करीत असतां होतो. तोच प्रकार क्लचचा. गिअरबॉक्स खालीं उतरविला असतां क्लचची तबकडी पाहून, झिजली असल्यास बदलून, मगच तो वर चढवावा. तबकडीची पाळी पुढल्या वर्षीं म्हणून ती तशीच ठेवणें हा काटकसरीचा देखावा झाला. पुढल्या वर्षीं गिअरबॉक्स पुन्हां उतरवावा लागतो, आणि उतरविण्याची मजुरी तबकडीच्या किमतीइतकी होऊन बसते.

तेव्हां किती कामें एकदम करावीं, हा प्रश्नच मुळीं थोडा चुकीचा आहे. खरा प्रश्न असा कीं, कोणतें काम कोणत्या कामाला बांधलेलें आहे. ही बांधिलकी ओळखण्याची विद्या मोटारींच्या इतिहासांत मोठमोठ्यांना महाग पडून आलेली आहे.

इंग्लंडांत क्रिकलवुड येथें डब्ल्यू. ओ. बेंटली यांचा कारखाना होता. १९२४ ते १९३० या काळांत त्यांच्या गाड्यांनीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत पांच वेळां जिंकली. १९२४ आणि १९२७ सालीं तीन लिटरच्या गाडीनें, १९२८ सालीं साडेचार लिटरच्या गाडीनें, आणि १९२९ व १९३० सालीं साडेसहा लिटरच्या 'स्पीड सिक्स'नें. इंजिनाचें आकारमान वाढवावें आणि त्याबरोबर त्याचे सगळे अवयव त्या मापानें घडवावे, हा बेंटलींचा मार्ग. परंतु सर हेन्री बर्किन या धाडसी शर्यतपटूला हा मार्ग पसंत नव्हता. साडेचार लिटरच्याच इंजिनाला सुपरचार्जर लावावा, म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचें मिश्रण दाबानें आंत कोंबावें, असें त्याचें म्हणणें. ॲम्हर्स्ट व्हिलियर्स यांनीं तो सुपरचार्जर तयार केला, डॉरोथी पॅजेट या श्रीमंत बाईंनीं पैसा पुरविला, आणि खुद्द बेंटलींचा विरोध असतांनाहि पन्नासांवर गाड्या तयार झाल्या. सुपरचार्जर रेडिएटरच्याहि पुढें, गाडीच्या तोंडाशीं, एखाद्या लोखंडी पेटाऱ्यासारखा बसविलेला असे.

शक्ति मिळाली यांत संशय नाहीं. साध्या साडेचार लिटरच्या गाडीची शक्ति ११० अश्वशक्तीच्या आसपास होती, ती रस्त्यावरील सुपरचार्जरवाल्या गाडींत १७५ पर्यंत गेली, आणि शर्यतीच्या गाडींत २४० पर्यंत. कागदावर पाहिलें तर ही एकच सुधारणा. एक यंत्र जोडलें, झालें. परंतु त्या एका यंत्राच्या मागोमाग किती गोष्टी आल्या! दट्ट्यांवरचा दाब वाढला, म्हणून क्रँकशाफ्ट आणि दट्ट्यांचे दांडे अधिक मजबूत करावे लागले. उष्णता वाढली. पुढच्या चाकांवर भार वाढला. पेट्रोल तर ती गाडी अक्षरशः ढोसत असे. १९३० च्या ल मां शर्यतींत बर्किननें जर्मन कॅराचिओलाच्या मर्सिडीजचा जो पाठलाग केला, त्याच्या कथा आजहि सांगितल्या जातात. परंतु त्या शर्यतींत धांवलेली एकहि सुपरचार्जरवाली बेंटली शेवटपर्यंत पोहोंचली नाहीं. पहिला आणि दुसरा क्रमांक पटकाविला तो स्पीड सिक्सनें. न्यायासाठीं हेंहि सांगितलें पाहिजे कीं, त्याच वर्षीं पो येथील फ्रेंच ग्राँ प्रींत बर्किन याच जातीच्या गाडींत दुसरा आला, आणि १९३२ सालीं ब्रुकलंडच्या वर्तुळांत त्यानें ताशीं सुमारें २२२ किलोमीटर वेगाचा विक्रम केला. घटकाभराच्या पराक्रमाला ती गाडी उणी नव्हती; चोवीस तास टिकणें तिला जमलें नाहीं. घरच्या गाडीनें मात्र चोवीस तासांच्याहि पुढें, दहा वर्षें टिकावयाचें असतें.

दुसरी गाडी याहून फार लहान, आणि भारतांतल्या वाचकांनाहि चित्रांतून ओळखीची असलेली. अलेक इसिगोनिस यांनीं आंखलेली मिनी १९५९ सालीं बाजारांत आली. इंजिन ८४८ घन सेंटिमीटरचें, शक्ति अवघी ३४ अश्वशक्ति. जॉन कूपर या शर्यतीच्या गाड्या बनविणाऱ्या गृहस्थाला तिचें वळणावरचें कौशल्य पाहून मोह पडला. १९६१ सालीं निघालेल्या मिनी कूपरमध्यें इंजिन ९९७ घन सेंटिमीटरचें झालें, कार्ब्युरेटर एकाचे दोन झाले, गिअरांचीं प्रमाणें बदललीं, आणि शक्ति ५५ वर गेली. मात्र त्याच दिवशीं, त्याच गाडींत, पुढच्या चाकांना ड्रम ब्रेकांच्या ऐवजीं डिस्क ब्रेक बसले. ते सात इंचांचे होते, आणि लवकरच अपुरे वाटूं लागले. १९६३ सालीं कूपर 'एस' निघाली तेव्हां शक्ति ७० झाली, क्रँकशाफ्ट खास कठीण केलेल्या पोलादाचा आला, झडपा मोठ्या झाल्या, आणि तबकड्या साडेसात इंचांच्या होऊन त्यांना दाब वाढविणारें साहाय्यक यंत्रहि जोडलें गेलें. पुढच्याच वर्षीं पॅडी हॉपकर्कनें याच गाडीनें माँटे कार्लोची रॅली जिंकली.

या कथेंत दोन टप्पे आहेत, आणि प्रत्येक टप्प्यांत अनेक बदल एकदम झालेले आहेत. टप्प्यांच्या मध्यें दोन वर्षांचा अनुभव आहे. आणि टप्प्याच्या आंत शक्ति, मजबुती व थांबण्याचें सामर्थ्य हीं तिन्ही एकमेकींचा हात धरून चाललेलीं आहेत. ब्रेक नंतर पाहूं, असें कूपरनें म्हटलें नाहीं. आपल्याकडे मात्र इंजिनाचें काम आधीं होतें आणि ब्रेकांचें पैसे उरल्यास होतें. आधीं कळस आणि मग पाया असा हा प्रकार आहे. ताशीं ८० किलोमीटर वेगानें जाणाऱ्या गाडीच्या अंगीं जी ऊर्जा असते, तिच्या दीडपटीहून अधिक ऊर्जा तीच गाडी ताशीं १०० किलोमीटरनें जात असतां तिच्या अंगीं असते, आणि ती सगळी चार चाकांच्या ब्रेकांत उष्णता होऊन जिरावी लागते. घाट उतरतांना हे ब्रेक तापून निसटूं लागले म्हणजे वाढविलेली अश्वशक्ति कोणाच्याहि उपयोगी पडत नाहीं. गाडींत मागच्या बाजूला मुलें बसलेलीं असतात, हें विसरून या विषयाचा विचार करतां येत नाहीं.

टप्पा म्हणजे एक संच, ही कल्पना एम. जी. कारखान्यानें फार स्पष्टपणें मांडली होती. १९४५ ते १९४९ या काळांत बनलेल्या त्यांच्या 'टी. सी.' गाडीचें इंजिन १२५० घन सेंटिमीटरचें आणि सुमारें ५४ अश्वशक्तीचें होतें. अधिक वेग हवा असणाऱ्या ग्राहकांसाठीं कारखान्यानेंच एक पुस्तिका छापली, आणि तींत सुधारणांचे टप्पे लावून दिले. आरंभीं सिलिंडरचें डोकें तासून दाबाचें प्रमाण वाढवावयाचें. पुढें मोठ्या झडपा, कडक स्प्रिंगा आणि मोठे कार्ब्युरेटर. आणखी पुढें सुपरचार्जर किंवा अल्कोहोलाचें इंधन. प्रत्येक टप्प्यासाठीं प्लग कोणता, कार्ब्युरेटरची सुई कोणती, पेट्रोल कोणत्या प्रतीचें, हें सारें नेमून दिलेलें होतें. दाब वाढवून जुन्या हलक्या पेट्रोलावर गाडी चालविली तर तें पेट्रोल वेळेआधीं भडकून इंजिन ठोके देऊं लागतें, आणि हे ठोके दट्ट्याला भोक पाडूं शकतात, हें कारखान्याला ठाऊक होतें. म्हणून दाब, पेट्रोल आणि ठिणगी या तीन वस्तु त्यानें एकाच पानावर ठेवल्या.

आजच्या टर्बोचार्जरच्या गाड्यांत हीं सगळीं सूत्रें एका लहानशा संगणकाच्या हातीं आहेत. त्यांतील आंकडे बदलले कीं सुई न बदलतां, डोकें न तासतां, अर्ध्या तासांत शक्ति वाढते. दुकानदार या कामाला पहिला टप्पा म्हणतात. त्याबरोबर धूरनळी आणि हवा थंड करणारें यंत्र बदललें कीं दुसरा, आणि टर्बोचार्जरच मोठा केला कीं तिसरा. हीं नांवें शास्त्राचीं नव्हेत, दुकानाचीं आहेत. एका दुकानाचा दुसरा टप्पा शेजारच्या दुकानांत पहिला असूं शकतो. आणि या सोप्या पहिल्या टप्प्याच्या पोटांतहि एक बांधिलकी लपलेली असते. वाढलेली ओढ क्लचमधूनच चाकांकडे जाते. मूळ क्लच मूळ इंजिनाच्या मापाचा. तो घसरूं लागला म्हणजे अर्ध्या तासाच्या कामाचें बिल पुढें चार दिवसांच्या कामानें चुकतें करावें लागतें.

संचांतील वस्तु एकदम बदलाव्या, हें येथवर ठीक. परंतु एखाद्या दोषाचें कारण शोधावयाचें असतां रीत अगदीं उलटी असते, आणि तिचें याहून सुंदर उदाहरण सांपडणें कठीण. १९६९ सालीं जर्मनीच्या पोर्शे कारखान्यानें '९१७' नांवाची शर्यतीची गाडी काढली. बारा सिलिंडरांचें साडेचार लिटरचें इंजिन, आणि शक्ति साडेपांचशे अश्वशक्तीच्याहि वर. शक्तीचा प्रश्न सुटलेला होता. अतिवेगांत गाडी रस्त्यावर सरळ राहत नव्हती हा प्रश्न उरला होता. निष्णात चालकहि ती चालवावयाला नाखूष असत. त्या वर्षीच्या ल मां शर्यतींत जॉन वुल्फ हा इंग्रज चालक पहिल्याच फेरींत या गाडींत अपघात होऊन मृत्यु पावला. ऑक्टोबरांत ऑस्ट्रियांतील झेल्टवेग येथें जॉन वायर यांच्या संघानें कारखान्याच्या लोकांबरोबर परीक्षा मांडली. चाकांच्या बांधणींत कांहीं तरी चुकत असावें असा तर्क होता, आणि त्या दिशेनें खटाटोप चालू होता. संघाचे अभियंते जॉन हॉर्समन यांचें लक्ष एका क्षुल्लक गोष्टीकडे गेलें. गाडीच्या पुढच्या अंगावर चिलटें चिरडून चिकटलेलीं होतीं. मागच्या शेपटीच्या टोंकावर मात्र एकहि नव्हतें. म्हणजे हवा शेपटीला स्पर्शच करीत नव्हती, आणि म्हणून मागचीं चाकें रस्त्यावर दाबलीं जात नव्हतीं.

त्यांनीं काय केलें, यापेक्षां काय केलें नाहीं तें पाहण्यासारखें आहे. इंजिनाला हात लावला नाहीं. स्प्रिंगा बदलल्या नाहींत. जवळ असलेले अल्युमिनियमचे पत्रे कापून, ठोकून, शेपटी तेवढी वर उचलून घेतली आणि गाडी पुन्हां सोडली. फेरीचा वेळ कित्येक सेकंदांनीं उतरला, आणि चालक कुरकुर करीत नव्हे तर समाधानानें परत आले. त्याच दिवशीं दुसऱ्या चार वस्तु बदलल्या असत्या, तर वेळ कदाचित् उतरलाहि असता, परंतु तो कशामुळें उतरला हें कोणाला कळलें असतें? कारण कळलें म्हणूनच त्या शेपटीवरून नवी बांधणी तयार झाली, आणि १९७० सालीं पोर्शेनें आपली पहिली ल मां जिंकली. इंजिन वाढविण्याचें काम त्यानंतर, पाऊलपाऊल झालें. साडेचार लिटरचे पुढें जवळजवळ पांच लिटर झाले, आणि १९७२ मध्यें अमेरिकेंतील शर्यतींसाठीं टर्बोचार्जर लागला. गाडी सरळ चालूं लागल्यावर.

येथें शास्त्राचा एक आक्षेप ऐकून घेतला पाहिजे. इंग्लंडांतील रॉथॅमस्टेडच्या शेतकी प्रयोगशाळेंत काम करणारे संख्याशास्त्रज्ञ आर. ए. फिशर यांनीं १९२६ सालींच "एका वेळीं एकच बदल" या रूढ नियमावर हल्ला चढविला होता. शेतांत नत्र आणि पालाश अशीं दोन खतें निरनिराळीं देऊन पाहिलीं तर दोहोंचा एकमेकांवर होणारा परिणाम कधींच दिसत नाहीं. म्हणून कांहीं तुकड्यांना एक, कांहींना दुसरें, कांहींना दोन्ही आणि कांहींना कांहींच नाहीं, असा प्रयोग मांडावा, असें त्यांचें प्रतिपादन होतें. इंजिनाच्या बाबतींत हें तंतोतंत लागू पडतें. इंजिन म्हणजे शेवटीं हवेचा पंपच. आंत येणारी वाट अरुंद असतां बाहेर जाणारी वाट कितीहि रुंद केली तरी मापांत फरक दिसत नाहीं, आणि मालक ती धूरनळी निकामी ठरवून मोकळा होतो. तींत दोष नव्हता. तिची जोडीदारीण तिला मिळाली नव्हती, इतकेंच. अडचण एवढीच कीं, फिशरांजवळ शेताचे पुष्कळ तुकडे होते आणि गृहस्थाजवळ गाडी एकच असते. म्हणून त्यानें ज्या वस्तूंचें एकमेकींवांचून चालत नाहीं त्या जोडीनें बदलाव्या, आणि एका जोडीची परीक्षा पुरी झाल्यावांचून दुसऱ्या जोडीला हात घालूं नये.

परीक्षा म्हणजे मात्र "गाडी कशी हलकी वाटते!" हा उद्गार नव्हे. नव्या धूरनळीचा आवाज मोठा असतो, आणि मोठ्या आवाजाची गाडी कानाला जलदच वाटते. काम सुरू करण्यापूर्वीं गाडी आहे त्या स्थितींत शक्तिमापक यंत्रावर मोजून घ्यावी, प्रत्येक सिलिंडरचा दाब पाहून ठेवावा. चारांतील एक सिलिंडर थकलेलें असेल तर सगळे पैसे आधीं तेथें गेले पाहिजेत. पुढील प्रत्येक माप त्याच यंत्रावर आणि शक्यतों त्याच हवेंत घ्यावें. मुंबईत मोजलेली गाडी सुधारणेनंतर पुण्यांत मोजली, तर आंकडे फसवितात. पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंच आहे. तेथली हवा सुमारें पांच टक्क्यांनीं विरळ, आणि टर्बोचार्जर नसलेल्या इंजिनाची शक्तिहि जवळजवळ त्याच मानानें कमी भरते. पांच टक्के ही नव्या गाळणीच्या सगळ्या पराक्रमाहून मोठी रक्कम आहे! वरच्या वेगाचा हिशेब तर आणखीच कठोर. हवेचा विरोध असा वाढतो कीं, वेगांत दहा टक्के भर घालावयाची तर शक्तींत एक-तृतीयांश भर घालावी लागते. ज्याला ताशींचे किलोमीटर हवे आहेत त्यानें हा आंकडा आधीं पाहावा. ज्याला चढावरची उभारी हवी आहे त्याचें काम थोडक्यांत भागतें.

क्रम कोणता धरावा, याला सगळ्या गाड्यांना लागू पडेल असें उत्तर नाहीं. पण आरंभ कोठें करावा याविषयीं फारसें दुमत होण्याचें कारण नाहीं. प्रथम जुनी दुरुस्ती पुरी करावी, कारण जुन्या दोषावर नवी सुधारणा रचली कीं दोन्हींचें निदान अवघड होतें. मग टायर आणि ब्रेक. स्प्रिंगा बदलावयाच्या असल्यास त्यांच्याबरोबरच शॉक-अब्सॉर्बर आणि चाकांची जुळणी, हा एक संच. इंजिनाचा श्वास, म्हणजे आंतली वाट, बाहेरची वाट आणि पेट्रोलाचें प्रमाण, हा दुसरा. इंजिनाचें पोट उघडण्याचीं कामें सगळ्यांत शेवटीं, आणि तीं मात्र एकदमच करावीं. तेथें टप्पे पाडणें म्हणजे एकाच पोटावर तीनदां शस्त्रक्रिया करविणें. दोन संचांच्या मध्यें गाडी निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरावी. शौकिनाला हा धीर जड जातो खरा, परंतु मे महिन्यांतल्या दुपारीं गर्दींत अडकलेल्या गाडीचा रेडिएटर जी साक्ष देतो, ती गॅरेजच्या पंख्याखालीं मिळत नाहीं.

कायद्याचें एक कलमहि या क्रमांत बसवून घ्यावें लागतें. भारतांत १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडींतील फेरबदलांवर बंधन घालतें. मूळ निर्मात्याच्या तपशिलाशीं विसंगत ठरेल असा बदल गाडींत करतां येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें स्पष्ट केलें आहे. तेव्हां प्रत्येक टप्प्यापूर्वीं प्रादेशिक परिवहन कार्यालयाचें आणि विमा कंपनीचें म्हणणें लेखी घ्यावें. सहा बदल एकदम करून मग परवानगी विचारणाऱ्याला सहाहि बदल काढून टाकण्याची पाळी येऊं शकते, आणि न कळविलेल्या बदलामुळें विम्याचा दावा नाकारला गेला तर नुकसान सगळें घरावर पडतें.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख गॅरेजच्या बिलांत कधींच नसतो. घरची गाडी चालविणारा एकटा मालक नसतो. सकाळीं मुलांना शाळेंत पोहोंचविणारी गृहिणी, सुटींत घरीं आलेला मुलगा, कधीं मधीं बदलीचा ड्रायव्हर, या सगळ्यांचे हातपाय त्या गाडीच्या जुन्या संवयींवर बसलेले असतात. ॲक्सिलरेटर किती दाबला म्हणजे गाडी किती उचलते, ब्रेक कोठें धरतो, ओल्या रस्त्यावर मागचें चाक केव्हां सुटूं पाहतें, हें त्यांच्या पायांना ठाऊक असतें. डोक्याला ठाऊक असतेंच असें नाहीं. एका महिन्यांत सगळें बदललेली गाडी त्यांच्यापुढें अनोळखी जनावरासारखी उभी राहते, आणि रूप मात्र ओळखीचेंच असतें. टप्प्यांनीं बदललेली गाडी त्यांच्या पायांनाहि टप्प्यांनींच शिकविते. म्हणून प्रत्येक संचानंतर घरांतल्या प्रत्येक चालकानें ती एखाद्या मोकळ्या मैदानांत, सावकाश, थांबवून थांबवून चालवून पाहावी. आणि कोणत्या तारखेस काय बदललें, कोणता प्लग, कोणतें पेट्रोल, टायरांत हवा किती, हें एका वहींत लिहून ती वही गाडीच्या खणांत कागदपत्रांशेजारीं ठेवावी. रात्रीं अपरात्रीं परगांवीं गाडी अडली तर तेथल्या मिस्त्रीच्या हातांत पहिल्यानें तीच वही द्यावी लागते.